गाडीचे स्क्रॅच घरी काढायचा उद्योग: रबिंग कंपाउंड भारी, टचअप बरं, आणि तो जादूचा पेन सरळ कचऱ्यात

आधी गाडीचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. २०१६ ची वॅगनआर, सिल्की सिल्व्हर कलर, घरातली पहिली चारचाकी, त्यामुळं आमच्या आप्पांचा जीव माझ्यापेक्षा तिच्यात जास्त. ह्या वर्षी चार महिन्यात तिच्यावर तीन तऱ्हेचे ओरखडे पडले आणि तिन्ही अस्सल आमच्या कोल्हापूरचेच. पहिला जानेवारीत, राधानगरी रोडला ऊसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक मारायला गेलो, मागं दोन ट्रॉल्या आणि ऊस असा भरलेला की बाजूनं हातभर बाहेर लोंबतोय, समोरून एसटी आली म्हणून गाडी जरा डावीकडं दाबली आणि खर्रर्रर्र असा आवाज आला तो अजून कानात आहे. पुढच्या डाव्या दारापासून मागच्या दारापर्यंत चार लांब रेघा. दुसरा प्रकार चैत्र यात्रेनंतरचा. जोतिबाला जाऊन आलो, गाडी पार गुलाबी, आणि घरी आल्यावर आमच्या चुलत भावानं मोठ्या मायेनं कोरड्या फडक्यानं सगळा गुलाल पुसून काढला. गुलाल एकटा नसतो ओ, त्यात डोंगरावरची धूळ असते, बारीक खडा असतो, कोरडं पुसलं की तो कपडा पॉलिश पेपरचंच काम करतो. दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटकडं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल बारीक रेघोट्यांची नक्षी. आणि तिसरा माझा स्वतःचा पराक्रम, शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात गाडी आत घेताना आमच्याच गेटची कडी मागच्या उजव्या दाराला लागली. चार बोटं लांब, खोल, आत राखाडी दिसतंय. ह्याला शिव्या तरी कुणाला घालणार.

एका गॅरेजला दाखवलं तर त्यानं लांबूनच बघून सांगितलं की डाव्या साईडची दोन्ही दारं, उजवीकडचं एक आणि बॉनेट, चार पॅनेलना नवीन पेंट मारायला लागेल, एका पॅनेलला तीन हजार. म्हणजे बारा हजार. इन्शुरन्सचा विचार केला पण तिथं हिशोब बसत नाही. १५०० सीसीच्या आतल्या गाडीला क्लेममागं १००० रुपये तर सक्तीनं आपल्या खिशातून जातात, आणि एकदा क्लेम टाकला की पुढच्या रिन्युअलला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. माझा बोनस ५० टक्क्यांवर आहे, तो मिळवायला सलग पाच वर्षं क्लेम न करता काढावी लागतात. आता हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीवर नाही, त्यामुळं जुन्या गाडीला रक्कम काय फार मोठी नसते, पण दर वर्षी थोडी थोडी मिळणारी सूट चार ओरखड्यांसाठी घालवायला जीव होत नाही. म्हणून म्हणलं घरी करून बघू. आणि इथून पैसे वाया घालवायला सुरुवात झाली.

पहिली खरेदी तो ऑनलाईनचा स्क्रॅच पेन. कंपनीचं नाव घेत नाही कारण असे दहा नावांनी दहा पेन मिळतात आणि आत बहुतेक एकच माल असावा असा माझा संशय. २९९ रुपये. व्हिडिओत एक बाई लाल गाडीवर पेन फिरवते आणि ओरखडा गायब, तुमच्या गाडीचा कलर कुठलाही असू दे चालतोय म्हणे. आता कुठल्याही कलरला चालणारा पेन म्हणजे त्यात कलरच नाही एवढं तरी डोक्यात यायला पाहिजे होतं, पण रात्री साडेबाराला मोबाईल बघत पडलेल्या माणसाच्या डोक्यात काय येतंय. पेन आला, ऊसाच्या रेघेवर फिरवला, आणि खरं सांगतो, पहिल्या मिनिटाला मी खूश. रेघ दिसेना. बायकोला हाक मारून दाखवली. आप्पांना दाखवली. दोनदा गाडी धुतली आणि रेघ जिथल्या तिथं, उलट पेनचा जो काही चिकट थर होता त्यात धूळ बसून रेघ अजून ठळक झाली. तो थर काढायला पुढं मला थिनरचा बोळा फिरवावा लागला.

आप्पांनी खोबरेल तेलाचा उपाय सांगितला, शेजारच्या काकांनी टूथपेस्टचा. दोन्ही करून बघितले, का नाही करायचे. तेल लावल्यावर पेनसारखंच होतं, रेघ दिसायची बंद होते आणि गाडीवर माश्या बसतात. टूथपेस्टचं मात्र थोडं वेगळं आहे, पांढऱ्या पेस्टमध्ये दात घासायला म्हणून बारीक घासणारी पावडर असते, ती गाडीच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे लॅकरवरही थोडं घासते, त्यामुळं एकदम बारीक रेघोट्या किंचित कमी होतात हे खोटं नाही. पण ती पावडर दातासाठी केलेली, पेंटसाठी नाही, मी जिथं घासली तिथं चमक मेली आणि एक धुरकट पट्टा तयार झाला. आणि चार दिवस गाडीला पुदिन्याचा वास.

शेवटी उद्यमनगरात एका पेंटर मिस्त्रींकडं गेलो. ओळखीतून गेलो होतो म्हणून बसवून घेतलं, चहा पाजला, आणि पंधरा मिनिटात जे सांगितलं ते मला तीन महिने कुणी सांगितलं नव्हतं. गाडी बघायच्या आधीच म्हणाले, "मालक, ओरखडा कुठं हाय ते नको सांगू, कुठवर गेलाय ते सांग." मग त्यांनी बाटलीतलं पाणी ऊसाच्या रेघांवर ओतलं. पाणी असेपर्यंत चारातल्या तीन रेघा गायब. "ह्या जातील. ही चौथी मधी दिसतीया, ही अर्धी जाईल." मग दाराच्या ओरखड्यावर नख फिरवलं, नख खटकन अडकलं. "हितं कंपाउंड घासत बसलास तर दार पातळ हुईल पण वरखडा जायचा नाही."

ह्यामागचं गणित असं. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून कंपनीत बुडवून दिलेला थर, त्यावर प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे खरा कलर, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर लोक लॅकर म्हणतात. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन आणि त्यात लॅकर ४० ते ५० च्या आसपास. माणसाचा एक केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो. म्हणजे आपण ज्याच्यावर घासघास करणार तो थर केसापेक्षा बारीक. ओरखडा फक्त लॅकरमध्ये असेल तर त्याच्या कडांवर उजेड फुटतो म्हणून तो पांढरा दिसतो, कलर खाली शाबूत असतो. पाणी किंवा तेल त्या खाचेत भरलं की उजेड सरळ जातो आणि रेघ दिसत नाही, पेनची जादू ती एवढीच. पाणी वाळलं की परत दिसते. आणि रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक घासणारी पूड असलेली पेस्ट, काय करतं तर खाच भरत नाही, खाचेच्या आजूबाजूचा लॅकर घासून खाचेच्या पातळीला आणतं. म्हणजे ओरखडा जात नाही, बाकीची गाडी ओरखड्याएवढी खाली येते. मिस्त्रींनी हे सांगितलं आणि मला एकदम शेतातला चर आठवला, चर बुजवायला माती नसली की बांधाकडची ओढून सपाट करतात तसं. त्यामुळं हे काम दर महिन्याला करायचं नाही. लॅकरच उन्हापासून कलर वाचवतो, तो घासून संपला की मग बॉनेटवर ते पांढरे चट्टे पडतात, जुन्या टॅक्स्यांवर बघितले असतील.

मशीन घेऊ का असं विचारलं तर सरळ नाही म्हणाले. ड्रिलला स्पंज लावून बफिंग करायचे व्हिडिओ फिरतात ना, तसं करून बॉनेटच्या कडेचा कलर उडवलेल्या गाड्या त्यांच्याकडं येतात. कडेवर आणि बॉडीची जी उठावदार लाईन असते तिच्यावर पेंट आधीच पातळ बसलेला असतो आणि मशीनचा सगळा जोर नेमका तिथंच येतो. नवख्यानं हातानं करावं, हात दुखतो म्हणून माणूस आपोआप थांबतोय, हे त्यांचं लॉजिक, आणि मला ते पटलं.

खरेदी उद्यमनगर आणि लक्ष्मीपुरीत मिळून झाली. थ्रीएमचं रबिंग कंपाउंड छोटी बाटली, त्यापेक्षा बारीक असलेलं पॉलिशिंग कंपाउंड, २००० नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) चार, मास्किंग टेप, मायक्रोफायबर कपडे सहा, वॅक्सची डबी आणि टचअपची, म्हणजे ओरखड्यात भरायच्या कलरची, बाटली. टचअपसाठी कलर कोड लागतो, नुसतं सिल्व्हर सांगून चालत नाही, मारुतीच्याच सिल्व्हरमध्ये वेगवेगळे आहेत. माझ्या गाडीचा सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड टू एस. तुमचा कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो, सापडला नाही तर सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर सांगा, ते काढून देतात. सगळं मिळून सोळाशेच्या आत बसलं, पेनचे २९९ सोडून. ते मी हिशोबात धरत नाही, ती शिकवणीची फी. मायक्रोफायबरमध्ये कंजुषी करू नका, मी आधी रस्त्यावरचे स्वस्तातले घेतले होते, त्याच्या कडेला जी नायलॉनची शिलाई असते तिनंच नवीन रेघोट्या पाडल्या. शिलाई नसलेले घ्या नायतर कड कापून टाका.

मे महिन्यातला रविवार धरला, सकाळी साडेसहाला सुरुवात, कारण पत्रा गार पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड टाकलं की लगेच वाळतं आणि त्याची पांढरी खपली होते, ती काढताना परत ओरखडे. आधी शाम्पूनं गाडी धुतली, दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत कपडा खंगाळायला साधं पाणी, कपड्यात अडकलेली माती परत गाडीवर जाऊ नये म्हणून. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण वापरू नका, वॅक्स असेल तेवढं सगळं उतरतं. मग दाराच्या काळ्या पट्ट्या, हँडल, रबर ह्यांना मास्किंग टेप. ही पायरी मी एका बाजूला आळसानं सोडली आणि काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंडचे पांढरे डाग बसले ते टूथब्रशनं काढायला अर्धा तास गेला. गंमत म्हणजे ही मास्किंग टेप मुळात गाड्यांच्या पेंटसाठीच निघालेली, १९२५ मध्ये थ्रीएमच्याच एका माणसानं बनवली, तेव्हा दुरंगी गाड्यांची फॅशन होती आणि दोन कलरमधली रेघ सरळ येत नव्हती म्हणून पेंटर लोक वैतागले होते. पाण्यात चालणारा वॉटर पेपरही त्याच कंपनीनं त्याआधी १९२१ मध्ये काढलेला. आपण शंभर वर्षांचं सामान वापरतोय आणि विकत काय घेतो तर पेन.

बॉनेटच्या गुलालापासून सुरुवात केली कारण ते सगळ्यात सोपं. ओल्या करून पिळलेल्या स्पंजवर वाटाण्याएवढं कंपाउंड, एका वेळी एक फूट बाय एक फूट एवढाच भाग, आधी तसंच पसरून घ्यायचं मग दाबून घासायचं. गोल गोल नाही, सरळ, आधी उभं मग आडवं, कारण गोल फिरवलं की परत तीच कोळ्याची जाळी. पंधरा-वीस हात मारले की कंपाउंडचा खरखरीतपणा जातो आणि बोटाला ते मऊ लागायला लागतं, त्याच्यातली घासणारी पूड फुटून बारीक होत जाते, तेव्हा पुसून घ्यायचं. पहिला चौकोन पुसला आणि मी दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. अर्धं बॉनेट धुरकट आणि अर्ध्यात समोरच्या घराची खिडकी दिसतीया, गजांसकट. नाद खुळा. रबिंगनंतर ते बारीकवालं पॉलिशिंग कंपाउंड मारावं लागतंच, ते टाळलं तर रबिंगच्या स्वतःच्या बारीक रेघा राहतात, डार्क कलरवर तर हमखास दिसतात, सिल्व्हरवर कमी. टूथपेस्टचा धुरकट पट्टाही ह्यातच गेला. ह्या कामासाठी कंपाउंडला माझ्याकडून दहात साडेनऊ. अर्धा मार्क माझ्या दंडासाठी कापला, दुसऱ्या दिवशी गंगावेस तालमीत जोर मारून आल्यासारखे भरून आले होते.

घासताना एक बघत राहायचं, कपड्यावर गाडीचा कलर येतोय का. लॅकरवाल्या गाडीत कपडा नुसता कंपाउंडच्या कलरचा झाला पाहिजे. सिल्व्हर यायला लागलं म्हणजे तुम्ही लॅकर पार केला, तिथंच थांबायचं. जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांमध्ये वर वेगळा लॅकर नसायचा, तिथं कपड्यावर कलर येणारच, त्याला घाबरायचं कारण नाही, पण कुठली गाडी कशी आहे हे आधी कोपऱ्यात एका ठिकाणी घासून बघा.

ऊसाच्या रेघांना जास्त वेळ लागला. तीन रेघा नुसत्या कंपाउंडनं दोन-तीन फेऱ्यात गेल्या, अगदी तिरकं ऊन पडलं तर एखादी सावली दिसते, मला दिसते कारण मला कुठं बघायचं ते माहितीये. चौथीला २००० चा वॉटर पेपर लावला. हे करताना हात थरथरत होता हे कबूल करतो, आपल्या हातानं आपल्या गाडीला पॉलिश पेपर लावायचा म्हणजे काळीज पाहिजे. पेपर आधी दहा मिनिटं पाण्यात भिजवला, पाण्यात दोन थेंब शाम्पू, पेपर बोटानं न धरता खोडरबराला गुंडाळला, कारण बोटानं धरला की बोटांच्या जागी जास्त दाब पडून खड्डे होतात. अजिबात जोर न देता दहा-बारा हात, पुसायचं, बघायचं, परत. खाली येणारं पाणी दुधासारखं पांढरं असेल तर तो लॅकर निघतोय, ठीक आहे. जागा पार धुरकट होते, चमक संपूर्ण जाते, आणि नेमकं तेव्हाच आप्पा बाहेर आले. "काय केलंस रं हे" एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्या माणसाला मी पाऊण तासानं बाहेर बोलवून परत चकचकीत झालेलं दार दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हात लावून बघितला आणि मग दुसऱ्या दाराला हात लावून तुलना केली. रेघ गेली का, तर सत्तर टक्के गेली. मधे दोन इंच जागा आहे तिथं अजून दिसते. मिस्त्री अर्धी जाईल म्हणाले होते, त्यापेक्षा जास्तच गेली, आणि तिथून पुढं घासायचा मोह मी आवरला. तोच मोह न आवरणाऱ्या लोकांच्या जिवावर उद्यमनगरातली अर्धी पेंटची दुकानं चालत असतील.

आता टचअप. इथं माझी फजिती झाली आणि ती शंभर टक्के माझी चूक. गेटच्या कडीचा ओरखडा प्रायमरपर्यंत गेलेला, त्यात कलर भरल्याशिवाय इलाज नाही, आणि जूनचा पाऊस तोंडावर असताना उघडं ठेवायचं नव्हतं, पत्र्यापर्यंत पोचला असता तर गंजानं आतून कलर उचलला असता. बाटलीबरोबर जो ब्रश येतो तो नेलपॉलिशच्या ब्रशएवढा जाड, त्यानं मारलं की ओरखड्यापेक्षा डाग मोठा होतो. मिस्त्रींनी काडेपेटीची काडी टोकदार करून वापरायला सांगितली होती, ते भन्नाट चालतं. बाटली आधी चांगली चार-पाच मिनिटं हलवायची, सिल्व्हरमध्ये चमकीचे कण असतात ते तळाला बसतात, तसंच मारलं तर राखाडी दिसतं. ओरखडा साफ करून काडीनं पातळ थर, अर्धा तास थांबून दुसरा, असे तीन. दोन थर झाले, तिसरा मारला आणि साडेतीनला आभाळ भरून आलं. कोल्हापुरात मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो हे मला लहानपणापासून माहिती आहे, तरी मी हे काम शेवटाला ठेवलं. गाडी आत घेईपर्यंत चार थेंब पडलेच, ओल्या कलरवर चार खड्डे, आणि हवेत दमट इतकं की वाळताना कलर दुधाळ झाला. मिस्त्रींना फोन केला तर हसले. म्हणाले, "थिनरचा बोळा फिरव, ताजा हाय तवर निघंल, आणि येत्या थंडीत कर मर्दा." थिनर भराभर फिरवला, ताजा टचअप निघाला, कंपनीच्या पेंटला काही झालं नाही, पण बोळा तिथं दाबून धरायचा नाही, एकदा फिरवून लांब.

थंडीपर्यंत थांबायचं धाडस नव्हतं म्हणून पुढच्या शनिवारी सकाळी सातला परत केलं, दुपारपर्यंत सुकवलं, वर क्लिअरचा एक थर, आणि आठवडाभर त्याला धुवायचं नाही, घासायचं नाही. मग थोडासा वर आलेला भाग २००० च्या पेपरनं अगदी हलका सपाट करून पॉलिश. निकाल असा की दहा फुटांवरून दिसत नाही, दोन फुटांवरून दिसतो. कलर कोड बरोबर असूनही किंचित गडद वाटतो. त्याची दोन कारणं, एक तर नऊ-दहा वर्षं उन्हात राहिलेला कलर तसाच राहत नाही, आणि दुसरं सिल्व्हरमधली चमकी. कंपनीत स्प्रेनं मारताना ती एका तऱ्हेनं पडते, काडीनं लावताना वेगळी पडते, मग उजेडात बाजू बदलली की टोन बदलतो. साधा पांढरा कलर असेल त्यांना हा त्रास बराच कमी. टचअपला माझ्याकडून दहात सहा, पण गंजापासून वाचवायचं जे मुख्य काम होतं त्यात पूर्ण पास.

बंपरवर ओरखडे असतील तर लॅकरपर्यंतचे तिथंही असेच निघतात, पण काळं प्लॅस्टिक दिसत असेल तर काडीनं कलर भरण्यात अर्थ कमी, प्लॅस्टिकवर कलर धरायला वेगळा प्रायमर लागतो. आणि पत्रा आत गेलेला असेल तर ते ह्या कामाचं नाहीच, तिथं डेंटिंग, लांबी (म्हणजे पुट्टी) भरणं, सगळं आलं.

सगळं झाल्यावर वॅक्स. ह्यानं ओरखडा जात नाही, दुकानदार काहीही सांगू दे. पण घासून उघडा पडलेला लॅकर झाकायला पाहिजे, आणि पावसात पाणी थेंब थेंब होऊन घरंगळून जातं ते बघायला बरं वाटतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर जो काही धो धो असतो त्यात माझं वॅक्स जेमतेम दीड महिना टिकलं. मधे ऑगस्टमध्ये एकदा उघडीप बघून परत लावलं.

आता पावसाळा संपल्यावर हे लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो, कारण काम केल्याच्या दिवशी सगळंच भारी दिसतं, पेनसुद्धा. बॉनेट अजून तसंच आहे. ऊसाच्या तीन रेघा परत आलेल्या नाहीत, आणि येणारही नाहीत, कारण भरलेलं काहीच नाही, घासून काढलेलं आहे. दाराचा टचअप एका टोकाला गव्हाएवढा उचकटलाय, तिथं बहुतेक तेलकटपणा राहिला असणार, डिसेंबरात तेवढाच परत करीन. सोळाशे रुपये, एक पूर्ण रविवार आणि दोन अर्धे शनिवार. बारा हजारांत नवीन कलर मिळाला असता आणि तो ह्याहून छान दिसला असता ह्यात वाद नाही. पण चार पॅनेलवरचा कंपनीचा मूळ पेंट मात्र गेला असता. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतंय, पेंट मारलाय का, म्हणजे ठोकली होती का. हे डोक्यात असेल तर घरचं काम जास्त परवडतं.

अर्धी बाटली कंपाउंड अजून शिल्लक आहे आणि ही बातमी गल्लीत फुटलीय. काकांच्या अल्टोचं बॉनेट करून दिलं, टूथपेस्टचा विषय त्यांनी परत काढलेला नाही. परवा मेव्हणा त्याची मॅट काळी बुलेट घेऊन आला, टाकीवर बॅगच्या चेनचा ओरखडा, "दाजी दोन हात मारा की". त्याला दारातूनच परत फिरवला. मॅट कलरला कंपाउंड लावलं की घासलेली जागा चकाकायला लागते, आणि मग मॅट टाकीच्या मधोमध एक चकचकीत ठिपका, तो काही केल्या परत मॅट होत नाही. त्याला खरं वाटेना. मग मी घरातला जुना मॅट हेल्मेट आणून त्याच्या मागच्या बाजूला कंपाउंडचे दहा हात मारून दाखवले. चकाकलेल्या जागेवर त्यानं बोट फिरवलं, बुलेटच्या टाकीकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, चला दाजी, मिसळ खाऊ.